पाचपैकी पाच, आणि खाली दोन उशा

गाडी पुलाच्या चढावर बंद पडली. मागून चौघे ढकलत होते. निरीक्षक दार उघडं ठेवून, एक हात स्टिअरिंगवर आणि एक खांदा दाराच्या चौकटीला लावून स्वतःही ढकलत होता. त्या चौघांतला एक, चांगला धट्टाकट्टा गडी, धापा टाकत म्हणाला, "काका, कशी आहे हो ही गाडी? आमच्या घरी घ्यायचं चाललंय."

निरीक्षकाचा शर्ट पाठीला चिकटला होता. मागे तुंबलेल्या गाड्यांचे हॉर्न वाजत होते, आणि त्यात भर म्हणून त्याच्या स्वतःच्या गाडीचा हॉर्नही आपोआप वाजत होता, कारण चाक उजवीकडे वळवलं की तो वाजायचाच.

"उत्तम आहे," निरीक्षक म्हणाला.

तो असं का म्हणाला हे सांगितल्याशिवाय गोष्ट पुढे सरकणार नाही. गाडी तर तशीही सरकत नव्हती.

हा निरीक्षक वजनमापं तपासणारा. बाजारात फिरायचं, दुकानदारांचे तराजू तपासायचे, वजनं तोलून बघायची, बरोबर असतील तर शिक्का, खोटी असतील तर लाल तेलखडूने भली मोठी फुली. फुली पडली की त्या तराजूवर धंदा बंद. बावीस वर्षं हेच काम, आणि बावीस वर्षांत मोजल्याशिवाय एक सही केलेली नाही. अशी माणसं नोकरीत चांगली असतात आणि घरात छळ असतात. शिंप्याने विजार अर्ध्या सेंटीमीटरने आखूड शिवली म्हणून हा परत घेऊन जाणार. कपाट घ्यायला गेला तर दुकानात पोटावर झोपून त्याच्या पायांची उंची बघणार. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी पंधरा सेंटीमीटरची पोलादी पट्टी. इमारतीतले लोक त्याला 'मापसाहेब' म्हणायचे. ते त्याला आवडत नाही असं तो दाखवायचा. दाखवणं कसलं, मनातून तो त्या नावावरच जगत होता.

अशा माणसाने जन्मात पहिल्यांदा न मोजता सही केली, आणि नेमकी तीच सही कुणीतरी पाच फूट उंच छापून भिंतीवर लावली.

झालं असं. गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी शोरूममध्ये त्याला चार तास बसवून ठेवलं. अमुक कागद यायचाय, तमुक साहेब जेवायला गेलेत, सिस्टिम बंद आहे. आता ही 'सिस्टिम' म्हणजे काय हे आजवर कुणीही पाहिलेलं नाही, पण ती बंद असते हे सगळ्यांना ठाऊक असतं. बायकोचे पाय सुजले. शेवटी टाय लावलेला एक विक्रेता आला. त्याच्या एका हातात किल्ली आणि एका हातात फॉर्म होता. फॉर्मवर लिहिलं होतं, 'मालकाचा अनुभव'. गाडीची विश्वासार्हता पाचपैकी किती, आराम पाचपैकी किती, इतरांना सुचवाल का.

निरीक्षक म्हणाला की अनुभव अजून आलेला नाही, मी गाडीत बसलेलोसुद्धा नाही. टायवाला म्हणाला की साहेब, फॉर्म भरल्याशिवाय किल्ली सिस्टिममधून सुटत नाही. निरीक्षक म्हणाला की हे उलटं आहे. टायवाला म्हणाला की हो साहेब, उलटंच आहे. इतक्या गोडीने मान्य करणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं? बायको म्हणाली, "अहो, द्या हो पाच, घरी जाऊ." त्याने पाचपैकी पाच दिले, दोन्हीकडे. खाली सही केली. हुद्द्याच्या जागी सवयीने 'वजनमापे निरीक्षक' लिहिलं. टायवाल्याने हुद्दा वाचला, आणि त्याचा चेहरा मोटारीच्या दिव्यासारखा उजळला. त्याने लगेच किल्ली हातात धरलेला फोटो काढून घेतला.

तीन आठवड्यांनी शोरूमच्या दारातच निरीक्षकाचं पोस्टर लागलं. हातात किल्ली, चेहऱ्यावर चार तास बसल्याचा थकवा. पण छापल्यावर तो थकवा गंभीर समाधानासारखा दिसत होता. खाली मोठ्या अक्षरांत: 'आयुष्यभर मोजलं. मगच निवडलं. – वजनमापे निरीक्षक.'

या तीन आठवड्यांत गाडीने आपले गुण दाखवायला सुरुवात केली होती. डॅशबोर्डचा कप्पा डावीकडच्या वळणावर आपोआप उघडायचा आणि बसलेल्याच्या गुडघ्यांवर आपटायचा. हॉर्नचं सांगितलंच. डावीकडची दोन्ही दारं आतून उघडायची नाहीत. बाहेरून हँडलच्या चार बोटं खाली मुठीचा एक ठोसा मारला की उघडायची. तीन बोटं खाली मारला तर नाही. चारच. आणि सीट इतकी खोल, इतकी बुटकी, की बसलं की माणूस टबात बसल्यासारखा दिसायचा. गुडघे वर, कंबर खाली, हनुवटी छातीवर. लांब बसलं की उठताना पाठीतून असा आवाज यायचा की निरीक्षकाला वाटायचं, गाडीचंच काहीतरी तुटलं.

एका रविवारी, सगळे जेवून पडले असताना, तो पट्टी घेऊन गुपचूप पार्किंगमध्ये गेला आणि गाडी मोजली. गुडघा कमरेच्या वर सात सेंटीमीटर. डोकं आणि छत यांत अंतर दोन. पुढच्या आणि मागच्या सीटमध्ये पाय ठेवायला जागा किती, हे त्याने तीनदा मोजलं आणि वहीत लिहिलं: 'नाही.'

आता तुम्ही म्हणाल, मग तक्रार करावी. तेही केलं. सर्व्हिस सेंटरमधल्या बाईंनी संगणकात पाहिलं, आणि दुखावलेल्या नजरेने वर पाहिलं. म्हणाल्या की सर, तुमची नोंद 'अतिसमाधानी मालक' अशी आहे. अतिसमाधानी मालकाच्या नावावर आरामाची तक्रार घेता येत नाही, सिस्टिम ती उचलतच नाही. आधी 'अभिप्राय-बदल अर्ज' करा. त्यावर तुमची सही हवी, आणि ज्याने गाडी दिली त्या विक्रेत्याची सही हवी. दारांचं काय, असं विचारलं तर म्हणाल्या की दार आतून न उघडणं ही सुरक्षेची सोय आहे. हॉर्नबद्दल म्हणाल्या की वळताना हॉर्न द्यायलाच हवा.

विक्रेत्याला शोधायला गेला, तर टायवाला नोकरी सोडून गाद्यांच्या दुकानात लागला होता. टाय तोच होता. त्याने निरीक्षकाला अगदी घरच्यासारखं बसवलं, म्हणजे एका गादीवर बसवलं. मग म्हणाला, साहेब, जरा आडवं होऊन तर बघा. निरीक्षक नको नको म्हणत आडवा झाला. महिन्याभरात पहिल्यांदा त्याची पाठ सरळ झाली होती. तो तिथेच, पायांत बूट असताना, भरदुपारी, गिऱ्हाइकांच्या देखत चाळीस मिनिटं झोपला. जागा झाला तेव्हा टायवाला शेजारी फॉर्म घेऊन उभा होता. गादीचा आराम पाचपैकी किती. निरीक्षकाने पाच दिले. ही आयुष्यातली त्याची दुसरी न मोजता केलेली सही, पण निदान खरी होती. गाडीच्या अर्जावर मात्र टायवाल्याने सही केली नाही. म्हणाला, मी आता त्या कंपनीचा नाही, खोटी सही कशी करू. हे तो म्हणाला, आणि निरीक्षकाला ऐकून घ्यावं लागलं.

मग राहता राहिला एक उपाय, उशा. बायकोने जुन्या दिवाणावरच्या दोन जाड उशा काढल्या, राखाडी कापडाचे अभ्रे शिवले, आणि त्या सीटवर अशा बसवल्या की त्या गाडीच्याच वाटाव्यात. बसणारा उंच, ताठ, राजासारखा बसायचा आणि म्हणायचा, वा, काय सीट आहे. निरीक्षक गप्प राहायचा. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. ही समजूत त्याने आयुष्यभर प्रत्येक दुकानदाराच्या तोंडून ऐकली होती आणि प्रत्येकाला त्यावरून झापलं होतं.

दारांचं म्हणाल तर गाडी थांबली की तो धावत पलीकडे जायचा, ठोसा मारायचा आणि बायकोला दार उघडून द्यायचा. इमारतीतल्या बायकांनी हे गॅलरीतून पाहिलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी मापसाहेब बायकोला दार उघडून देतात, असा बोभाटा झाला. नवऱ्यांना टोमणे बसू लागले. बायकोला खरं कारण माहीत होतं, पण ती का बोलेल?

पहिल्या मजल्यावरच्या दंतवैद्याने पोस्टर पाहून तीच गाडी घेतली. तोच रंग. घेण्याआधी तो वर येऊन विचारून गेला होता. निरीक्षक तेव्हा म्हणाला होता, "बघा, तुमचं तुम्ही ठरवा." पोस्टरवर पाच फुटी उभा असलेला माणूस असं म्हणाला की लोक त्याला विनय समजतात. दंतवैद्यही आता गाडी थांबली की धावत जाऊन बायकोला दार उघडून द्यायचा. निरीक्षकाला वाटायचं, माणूस आपलं बघून शिकला.

त्यात बाजारात एक प्रकार घडला. एका किराणावाल्याचा तराजू दहा ग्रॅमने खोटा निघाला. निरीक्षकाने तेलखडू काढला आणि फुली मारली. किराणावाला जाडजूड, शांत माणूस. त्याने फुलीकडे पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, तुमचं पोस्टर बघून मी गाडी घेतली. माझं माप दहा ग्रॅमने चुकलं तर तुम्ही फुली मारता. तुम्ही किती ग्रॅमने चुकलात?"

निरीक्षकाने तेलखडू खिशात ठेवला. नियमाप्रमाणे पावती फाडली, किराणावाल्याच्या हातात दिली आणि बाहेर येऊन गाडीत बसला. उशांवर.

हे सगळं अकरा महिने चाललं, आणि आणखी अकरा वर्षं चाललं असतं. इथे लोक मुकाट्याने सोसतात आणि वर गुण देतात. पण मध्ये आक्का आली.

आक्का त्याची थोरली बहीण. मोठ्या रुग्णालयात मेट्रन होती. डॉक्टर लोकही तिच्यासमोर चपला नीट लावायचे. आई लवकर गेली, तेव्हा याला न्हाऊमाखू घालून, कानाला धरून आक्काने मोठं केलं. बावन्न वर्षांचा झाला तरी ती त्याला 'बारक्या' म्हणते. आता निवृत्त झालेली, आणि गेल्या महिन्यात कमरेचा सांधा बदललेला. व्यायामासाठी आठवड्यातून दोनदा शहराच्या दुसऱ्या टोकाला जावं लागायचं. बाकी सगळं ठीक, पण डॉक्टरांनी एक गोष्ट बजावून सांगितली होती. पुढचे सहा महिने खोल बसायचं नाही. बसल्यावर गुडघा कमरेच्या वर जाता कामा नये. गेला तर नवा सांधा निसटेल, आणि मग परत टेबलावर.

आक्काने फोन केला आणि सांगून टाकलं की मी गाडी घेतेय. चालवायला शेजाऱ्यांची भाची आहे. कोणती घेऊ म्हणून विचारलंही नाही. म्हणाली, तुझीच घेते. बायकोने सुचवून पाहिलं की आक्का, जरा दुसऱ्याही बघून घ्या. त्यावर आक्का म्हणाली, "लोकांची मतं मी चाळीस वर्षं ऐकली. पोटात दुखतंय म्हणणाऱ्याच्या पायात काटा असतो. माझा एकाच माणसावर भरवसा आहे. बारक्या मोजल्याशिवाय बोलत नाही."

त्या वाक्याने निरीक्षकाची भूक गेली. बायको म्हणाली की आत्ताच्या आत्ता फोन करून खरं सांगा. तो म्हणाला, सांगतो. मग फोनकडे बघत बसला. सांगायचं काय? की गाडी वाईट आहे? ते सोपं होतं. पण आक्का पुढचं विचारणार होती. मग तू पाच कसे दिलेस, मोजलं नव्हतंस? त्या प्रश्नाचं उत्तर दिलं की मापसाहेब संपला. पट्टी, शिक्का, बावीस वर्षं, सगळं गेलं. उरला काय, तर किल्लीसाठी सही विकणारा एक दमलेला माणूस.

मग त्याने एक भेकड युक्ती काढली. शोरूमला आक्काला आपल्याच गाडीतून न्यायचं. गाडी काय ती तिची ती कळेल. कप्पा गुडघ्यावर पडेल, हॉर्न वाजेल, पुलाच्या चढावर बंद पडेल. आपण तोंड उघडायची गरजच नाही. आक्का स्वतःच म्हणेल, नको बाबा ही.

शनिवारी सकाळी, आदल्या रात्री मुक्कामाला आलेली आक्का काठी टेकत खाली आली. उशा काढाव्यात असं त्याला वाटलं होतं. हातही घातला होता. पण आक्काच्या कमरेकडे बघून त्याचा धीर झाला नाही. उलट त्याने त्या थोपटून नीट केल्या. आक्का बसली.

"किती छान उंच आहे रे," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले तशीच."

आणि त्या दिवशी, त्या एका दिवशी, गाडी अशी चालली की कंपनीच्या मालकाने पाहिलं असतं तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. डावीकडचं पहिलं वळण आलं. निरीक्षकाने जरा जास्तच जोरात घेतलं. कप्पा बंद. उजवीकडे वळला. हॉर्न गप्प. पुलाचा चढ आला. गाडी अशी वर चढली, जशी अकरा महिन्यांत एकदाही चढली नव्हती. तो मुद्दाम एका खड्ड्यात घालायला गेला, तर खड्डा कालच बुजवलेला. जिथे रस्ता वर्षानुवर्षं उखडलेला असतो, तिथे कुणीतरी नेमका त्या आठवड्यात डांबर ओतलं होतं. हे सरकारी काम वेळेवर झाल्याचं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच दुःख झालं. शोरूमसमोर थांबल्यावर तो धावत पलीकडे गेला, आणि आक्काच्या नकळत हँडलखाली ठोसा मारून दार उघडलं.

"बारक्या, किती मान देतोस रे," आक्का म्हणाली. त्याचा हात धरून ती उतरली.

आत शिरताच समोर तो स्वतः उभा. पाच फुटी. आयुष्यभर मोजलं, मगच निवडलं. नवा विक्रेता धावत आला. त्याच्याही गळ्यात टाय, कदाचित कंपनीचा एकच टाय असावा. पोस्टरवरचा माणूस हाडामांसाचा पाहून तो भारावून गेला. आक्काला खुर्ची, पाणी, फॉर्म. आक्काने विचारलं की गाडीत बसून बघायला हवं का. तो म्हणाला, बसायलाच हवं असं काही नाही. आक्का म्हणाली की मी याच्या गाडीत बसून आलेय, तीच गाडी ना? तीच, अगदी तीच, म्हणाला. आणि निरीक्षकाला आग्रह करत म्हणाला की साहेब, तुम्ही तोवर मॉडेलमध्ये मागे बसून बघा, यंदा कापड बदललंय. असं म्हणून त्याने मध्यभागी ठेवलेल्या चकचकीत गाडीच्या, आधीच उघड्या ठेवलेल्या डावीकडच्या मागच्या दाराकडे अदबीने हात केला. निरीक्षकाचं डोकं जागेवर नव्हतं. बस म्हटल्यावर तो बसला. दार लागलं.

काचेपलीकडे आक्काने पर्समधून पेन काढलं. चष्मा लावला. फॉर्म गुडघ्यावर घेतला.

तेव्हा कुठे निरीक्षकाला तोंड फुटलं. "आक्का, सही करू नकोस," तो म्हणाला. मग मोठ्याने म्हणाला. मग ओरडला. खिडकीची काच खाली करायला गेला, तर किल्ली नसल्याने ती हलेना. हँडल ओढलं, दार उघडेना; पलीकडच्या दाराला बाहेरून शोभेच्या कुंड्या चिकटून ठेवलेल्या. तो बोलतच राहिला. गाडी वाईट आहे, मी मोजलंच नव्हतं, मी आत बसलोही नव्हतो, सीट खोल आहे, तुझा सांधा निसटेल, उशा माझ्या आहेत. अकरा महिन्यांचं साठलेलं सगळं बाहेर आलं, बंद काचेच्या आत, नव्या कोऱ्या कापडासमोर.

बाहेर विक्रेता आक्काला दाखवत होता. म्हणत होता, बघा, साहेब केवढ्याने बोलताहेत, पण बाहेर काही ऐकू येतंय का? इतकी शांत गाडी आहे.

आक्काने मान वर केली. काचेपलीकडे तोंड हलवणारी माणसं तिने चाळीस वर्षं पाहिली होती. कोण गप्पा मारतोय आणि कुणाचा जीव वरखाली होतोय, हे तिला आवाजाशिवाय कळायचं. ती काठी टेकत आली. हँडल ओढलं. उघडेना. विक्रेत्याने ओढलं. उघडेना. विक्रेता हसून म्हणाला की सुरक्षेची सोय आहे.

आत निरीक्षकाने मूठ वळली आणि काचेतून दाखवलं. हँडलच्या खाली. चार बोटं. मग ठोसा मारल्यासारखं केलं.

आक्काने काठी उलटी धरली आणि मुठीच्या बाजूने तिथे एक हाणली. दार उघडलं. नव्या रंगाचा एक टवका उडाला, आणि विक्रेत्याच्या तोंडाचा रंगही.

तिने उडालेल्या टवक्यावरून अंगठा फिरवला.

"नवी गाडी आहे ना ही?" आक्काने विचारलं. "मग तुला कसं ठाऊक कुठे मारायचं ते?"

निरीक्षक मागच्या सीटमध्ये रुतला होता, गुडघे छातीशी. या अवस्थेत माणसाला कसलाही मान राखता येत नाही, आणि खरं बोलायला तेच बरं असतं.

"मी मोजलं नव्हतं, आक्का."

"काय नव्हतं मोजलं?"

"काहीच. किल्ली मिळेना म्हणून सही केली. आत बसलोही नव्हतो."

"आणि ती उंच सीट?"

"आपल्या जुन्या दिवाणावरच्या उशा आहेत. दोन."

आक्काने पोस्टरकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. रागावली असती तर बरं झालं असतं. लहानपणी ती रागवायची, फटका द्यायची, आणि हिशेब मिटायचा. आता ती नुसती उभी राहिली, काठीवर दोन्ही हात ठेवून. मग म्हणाली, "पट्टी आहे खिशात?"

"आहे."

"मग मोज."

ती पुढच्या सीटवर सावकाश टेकली, एका हाताने दाराची चौकट घट्ट धरून, कमरेवर भार न देता. निरीक्षक शोरूमच्या फरशीवर गुडघे टेकून बसला. भोवती चार गिऱ्हाइकं जमली होती. त्याने पट्टी लावली. एकदा, दोनदा, तीनदा. तिन्ही वेळा आकडा तोच आला.

"सात."

"वर का खाली?"

"वर."

आक्काने हात पुढे केला. त्याने तिला उठवलं. तिने पेनाचं टोपण लावलं, फॉर्मची घडी घातली आणि विक्रेत्याच्या हातात दिली. "तुमचा पोस्टरवरचा माणूस लबाड नाही," त्याला म्हणाली, "नुसता भेकड आहे." निरीक्षकाला वाटलं, लबाड म्हटलं असतं तर सोपं गेलं असतं.

मॅनेजर बाहेर आला. टवक्याचं काय, असं विचारू लागला. निरीक्षक त्याच्याजवळून पोस्टरपाशी गेला. विजारीच्या खिशात तेलखडू होताच, तो सुट्टीच्या दिवशीही असतो. त्याने पाच फुटी निरीक्षकाच्या कपाळापासून छातीपर्यंत एक रेघ ओढली, मग दुसरी. नियमात बसेल अशी फुली, दोन्ही रेघा सारख्या लांबीच्या.

मॅनेजर म्हणाला की साहेब, ही कंपनीची मालमत्ता आहे. निरीक्षक म्हणाला, "पोस्टर तुमचं. माप माझं आहे. ते खोटं आहे, वापरायचं नाही." आणि सवयीने पावती पुस्तक चाचपलं, पण ते ऑफिसात होतं.

येताना डावीकडच्या पहिल्याच वळणाला कप्पा उघडला आणि आक्काच्या गुडघ्यांवर आदळला. तिने तो बंद केला. पुढच्या वळणाला परत उघडला. तिने तो हाताने धरून ठेवला.

"हेही सांगायचं राहिलं होतं?"

"हो."

"अजून काय आहे?"

निरीक्षकाने चाक उजवीकडे वळवलं. हॉर्न वाजला. आक्काने कप्पा आणखी घट्ट धरला. पुलाच्या चढावर गाडी आचके देऊ लागली, तेव्हा तिने विचारलं की ढकलायचं असलं तर कुणाला बोलवायचं असतं. तो म्हणाला, इथले लोक आता ओळखतात, आपणहून येतात. तेव्हा ती हसली. थोडंच, तोंड खिडकीकडे करून. पण हसली.

इमारतीच्या पार्किंगमध्ये दंतवैद्य आपली गाडी पुसत होता. आक्काला बघून त्याने आपुलकीने चौकशी केली. मग निरीक्षकाला विचारलं की आक्कांची गाडी कधी येतेय, म्हणजे त्या इथे आल्या की तीन सारख्या गाड्या शेजारी शेजारी शोभून दिसतील.

निरीक्षक गाडीतून उतरला. पाठीतून नेहमीचा आवाज आला. मग उभ्याउभ्याच त्याने सगळं सांगितलं. चार तास, किल्ली, फॉर्म, उशा, सात सेंटीमीटर. हेही सांगितलं की माझ्यामुळे तुम्ही फसलात, तुम्हाला वाटेल ते बोला.

दंतवैद्याने फडकं पिळलं. आधी स्वतःच्या गॅलरीकडे पाहून घेतलं, मग आवाज उतरवून म्हणाला, "अहो, मीसुद्धा पाचच दिलेत."

"तुम्ही? कधी?"

"आठवड्याने दिले, तीन महिन्यांनी दिले, परवा पुन्हा दिले."

"पण का?"

"तुमचं पोस्टर लागलं होतं ना. म्हटलं, मापसाहेबांना काही त्रास नाही, म्हणजे मलाच बसता येत नसेल नीट."

निरीक्षकाने शेजारच्या गाडीकडे पाहिलं, मग आपल्या. दोन सारख्या गाड्या, एकच रंग, शेजारी शेजारी. या शहरात अशा आणखी किती उभ्या असतील, आणि त्यांच्या भोवती असेच किती लोक फडकी पिळत असतील, देव जाणे. निरीक्षकाच्या मनात आलं, उद्यापासून एकेकाकडे जावं, त्या किराणावाल्यापासून सुरुवात करावी. पण त्या विचारानेच तो थकला, आणि गाडीला टेकला. गाडी तापलेली होती.

"मला इथेच ठेवायचा विचार आहे का?" आतून आक्काचा आवाज आला. ती उशांवर ताठ बसून, एका हाताने कप्पा धरून दोघांकडे बघत होती.

निरीक्षक पलीकडे धावायला निघाला, पण दंतवैद्य जवळ होता. त्याने काही विचारलं नाही. फडकं खांद्यावर टाकलं, दारापाशी वाकला, हँडलखाली न बघता चार बोटं मोजली आणि मूठ मारली. एकाच ठोशात दार उघडलं.